वाढत्या अंगाचा फ्रॉक

७ फेब्रुवारी

अक्का,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. पत्रही फाडता येतं, पण फाडण्याआधी तू ते एकदा वाचशील याची मला खात्री आहे. लहानपणी पुडीचा कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नव्हतीस.

माझं काम एकच आहे. तू मला कसं भरवायचीस, ते कळव.

आमच्या घरात एक पोर आहे, लेकाची मुलगी. तू तिला पाहिलेलं नाहीस. दोन वर्षांची झाली. सगळे तिला बटण म्हणतात, आणि ते नाव शिंप्याच्या घरातलं, म्हणजे मीच ठेवलेलं. शर्टाच्या खिशात मावेल एवढी जन्मली होती. आजही कुणी पहिल्यांदा पाहिलं की विचारतं, चालायला कधी लागणार? ती तोवर चालत दाराबाहेर गेलेली असते.

तुला ठाऊक आहे, लहान मुलाचा कपडा आम्ही अंगाबरोबर शिवत नाही. आया बजावतात, ‘मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा हं.’ मग खाली चार बोटं कापड आत मुडपून ठेवायचं. पोर वाढलं की टाका उसवायचा, कापड खाली सोडायचं. बटणाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिला निळा फ्रॉक शिवला. पंधरवड्यापूर्वी तो दोरीवर उलटा वाळत होता, तेव्हा नजर गेली. चार बोटं तशीच. एक टाका उसवावा लागलेला नाही. बाहेरचा निळा धुऊन धुऊन विटला आणि आत मुडपलेला निळा अजून दुकानातल्या ताग्यासारखा गडद आहे.

ती खात नाही, अक्का. दोन चमचे घेते आणि तोंड फिरवते. आजारी नाही, हसते, बोलते, पायात पायात येते. फक्त खात नाही.

गेल्या आठवड्यात मी दुपारी जेवायला घरी आलो. सूनबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तिला भरवत होती. बटाटा कुस्करून दुधात कालवला होता. पोरीनं तोंड फिरवलं. सूनबाईनं काऊ दाखवला, चिऊ दाखवली, गाणं म्हटलं, शेवटी हात जोडले. मग थकली आणि वाटीत उरलेलं तिनं स्वतः खाल्लं. सकाळपासून तिच्या पोटातही काही नसावं. नेमकी तेव्हाच तुझी भावजय दारात येऊन उभी राहिली.

म्हणाली, ‘बरोबर आहे. पोरीचं सगळं आईच्या पोटात जातंय. मग पोर वाढायची कशी?’

मी हात धूत होतो. नळ तसाच वाहत राहिला. अक्का, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. फक्त या वेळी बाई दुसरी होती.

आई कामाला जाताना मला तुझ्या मांडीवर टाकून जायची. तू स्वतः नऊ वर्षांची. मी वाढलो नाही, आणि शेजारणीनं म्हणे तुला खिडकीतून माझी वाटी तोंडाला लावताना पाहिलं. झालं. मांजरीसारखं दूध चोरलंस म्हणून तू ‘मनी’ झालीस, आणि मी ‘वीतभर’ झालो. मला आता ‘वीतभर मास्तर’ म्हणतात. उंच गिऱ्हाईक आलं की मी स्टुलावर चढून खांद्याचं माप घेतो, लोक हसतात, मीही हसतो आणि माप बरोबर घेतो. माझं काही अडलं नाही. तुझं मात्र ते नाव सुटलं नाही. माझ्या लेकाच्या पहिल्या वाढदिवसाला आपला मामा भरल्या घरात म्हणाला, ‘दूध झाका रे, मनी आली.’ तू भरल्या ताटावरून उठलीस. त्यानंतर आमचा उंबरठा तू ओलांडला नाहीस.

मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, तू माझं दूध प्यायली नाहीस. मला काही आठवत नाही, तरीही मी म्हणतो. पण माझ्या म्हणण्यानं तुझं नाव पुसलं गेलं नाही, आणि सूनबाईचंही जाणार नाही. म्हणून आम्ही मोठ्या दवाखान्यात जाणार आहोत. जनुकांची तपासणी करणारी एक डॉक्टरीण तिथं बसते. तिनं पोरीच्या बापालाही बोलावलंय आणि बापाच्या बापालाही.

तोवर तू कळव. मी तोंड फिरवलं की तू काय करायचीस?

तुझा धाकटा


१ मार्च

अक्का,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. माझ्यासाठी एवढं पुरे.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली होती. ते वाक्य ऐकलं त्याच संध्याकाळी सूनबाई पोरीला घेऊन माहेरी गेली. लिहायची लाज वाटली, म्हणून त्या वाक्यापर्यंत येऊन थांबलो. लेक मालाच्या ट्रकवर असतो, चार-चार दिवस बाहेर. त्याला फोनवर कळलं. तो आईवर चिडला, आई माझ्यावर चिडली, मी मशीनवर बसलो.

तपासणीच्या दिवशी तिला आणायला मीच गेलो. ती दारातच म्हणाली, “बाबा, मी दवाखान्यात येते. घरी येणार नाही. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही तर मीच चोर ठरणार आहे ना?”

मी म्हटलं, “काही निघालं नाही तरी तू चोर नाहीस.”

“हे तुम्ही म्हणता. आणि तुमचं घरात ऐकतं कोण?”

मी पोरीला कडेवर घेतलं आणि बस पकडली.

डॉक्टरीण वयानं आपल्या लेकाएवढी, मोठा चष्मा, बोलणं चटचटीत. तिनं आधी बटणाला मोजलं, मग लेकाला, मग मला. मापाची पट्टी माझ्याच अंगाला लागायची ही पहिलीच वेळ. मी सवयीनं हात बाजूला धरून उभा राहिलो, तर म्हणाली, “कोट नाही शिवायचा, मास्तर. सरळ उभे राहा.” मग तिनं माझं कपाळ पाहिलं, हनुवटी पाहिली आणि पुन्हा पोरीकडे पाहिलं. रुंद कपाळ, निमुळती हनुवटी. लेकाचीही तशीच, फक्त दाढीनं झाकलेली.

तिनं विचारलं, “तुम्हाला भूक लागते?”

“लागते की. पण चार घासांत भागते.”

“लहानपणापासून?”

“ते एकाच माणसाला माहीत आहे. आणि ती माझ्याशी बोलत नाही.”

तिनं लिहिता लिहिता पेन थांबवलं, पण पुढं काही विचारलं नाही. भली बाई.

रक्त घेऊन झाल्यावर मी विचारलं, तुम्ही शोधणार काय? तिला घाई होती, तरी खुर्ची ओढून बसली. तुला सांगतो, कारण मला समजलं ते तुलाही समजेल. आपण एकाच शाळेच्या एकाच वर्गात शिकलो, तू फक्त आधी.

शरीराच्या प्रत्येक पेशीत एक दोरा असतो. डीएनए म्हणतात त्याला. त्या दोऱ्यावरच लिहिलेलं असतं की अंग कसं घडवायचं. दोरा माणसाच्या उंचीएवढा लांब, आणि मावायचं डोळ्याला न दिसणाऱ्या जागेत.

मी म्हटलं, “मग रिळावर गुंडाळत असतील.”

“अगदी बरोबर. प्रथिनांची रिळं असतात, लाखोंनी.”

“पण गुंडाळलेलं वाचायचं कसं?”

ती हसली. म्हणाली, “त्यासाठी दुसरी प्रथिनं आहेत. छोटी. त्यांना स्वतःचा ठाम आकारही नसतो. ती दोऱ्याच्या खाचेत बोट घालतात, त्याला थोडा बाक देतात, थोडं सैल करतात. मग वाचणारे तिथं येऊन बसतात आणि काम सुरू होतं. ही स्वतः काही वाचत नाहीत. वाचणाऱ्यांना जागा करून देतात. त्यांतलं एक मी शोधते आहे. ते पोटातल्या बाळात भरपूर असतं. वाढ व्हायची असते ना तेव्हा. मोठेपणी जवळजवळ नाहीसंच होतं.”

“म्हणजे कच्चा टाका,” मी म्हटलं. “कपडा उभा राहीपर्यंत घालायचा, पक्की शिलाई झाली की काढून टाकायचा.”

तिनं जरा विचार केला. “काढून टाकतात ते बरोबर. पण तुमचा टाका एकदा घातला की जागेवर राहतो. हे प्रथिन क्षणभर बसतं, उठतं, दुसरीकडे जाऊन बसतं. सारखी फिरती असते त्याची.”

घरी येईपर्यंत मी त्यावर विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलो आणि माझं माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. अक्का, शिवतं कोण? सुई. चालवतो कोण? पाय. उजवा हात मागून कापड ओढतो. आणि डावा हात? तो एक टाकासुद्धा घालत नाही. फक्त कापडावर असतो, सुईच्या जरा पुढं. इथं दाबतो, तिथं वळवतो, चुणी सरळ करतो आणि पुढं सरकतो. तो काढून घेतला तर सुई चालेल, पण कॉलर वळणार नाही. मी दवाखान्यात फोन करून डॉक्टरीणबाईंना सांगितलं, “टाका नव्हे, शिंप्याचा डावा हात.” त्या म्हणाल्या, “मास्तर, हे मी उद्या विद्यार्थ्यांना सांगणार.” त्या दिवशी मी उंच गिऱ्हाइकांना स्टूल न वापरता मापलं, असं म्हणत नाही. पण तसं वाटत होतं खरं.

तुझी भावजय दवाखान्यात एकदाच बोलली. “डॉक्टरीणबाई, हे सगळं असेल. पण पोर नीट खाईल तर वाढेल ना?”

“आजी, रिपोर्ट येईपर्यंत कुणी कुणाला काही बोलायचं नाही.”

“मी कुठं कुणाला काय बोलते!”

सूनबाई भिंतीवरचा वजनाचा तक्ता वाचत बसली होती. तो तिला पाठ झाला असणार.

तिला मी बसमध्ये बसवून दिलं. माहेरच्या.

धाकटा


२४ एप्रिल

अक्का,

निघालं.

त्या प्रथिनाची जनुकं प्रत्येकात दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून. माझ्यातलं एक बिघडलेलं आहे. एकाच जागी एक अक्षर गळालंय आणि तिथून पुढचं सगळं वाचण्याजोगं राहिलेलं नाही. तेच माझ्याकडून लेकाकडे गेलं, लेकाकडून बटणाकडे. दुसरं जनुक चांगलं आहे, म्हणून काम चालतं, पण अर्ध्या हातांनी. पोटात असताना जेवढी वाढ व्हायची, तेवढी झाली नाही. जन्मल्यावर भूक कमी. बुद्धीला धक्का नाही. आमची बटण तर डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातली नळी ओढून स्वतःच्या कानाला लावून बसली होती.

सगळे होतो तिथं, सूनबाईही. डॉक्टरीणबाईंनी दार लावलं आणि हळू, प्रत्येकाकडे पाहत सांगितलं. “या मुलीला कुणी कमी भरवलेलं नाही. कितीही भरवलं असतं तरी ती लहानच राहिली असती. हिच्या आईनं जे केलं त्यामुळेच ती एवढी ठणठणीत आहे.”

सूनबाई रडली नाही. तिनं फक्त पोरीच्या पायातला मोजा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

लेक म्हणाला, “म्हणजे माझ्यामुळे.”

मी म्हटलं, “तुझ्यामुळे नाही, तुझ्या वाटेनं. आणि तुझ्याआधी माझ्या वाटेनं. मला विचार, वाट वाईट नाही. शिलाईयंत्र आहे, बायको आहे, तू आहेस.”

“बायको यंत्राच्या मागं का घेतलीत?” तुझी भावजय एकदम बोलली, आणि सगळे हसले. डॉक्टरीणबाईसुद्धा. मग तिचा आवाज बदलला. विचारलं, “मग आता माझ्या हातात काय आहे?”

“पुष्कळ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थोडं थोडं, पण वरचेवर खायला घाला. फार वेळ उपाशी ठेवू नका. कोंबू नका. वाढीची इंजेक्शनं देता येतात, ते पुढं पाहू. आणि घरात हिला खाण्यावरून कुणी रागावू नका. हिलाही नाही, हिच्या आईलाही नाही.”

तुझी भावजय उठली. सूनबाईशेजारी जाऊन बसली. माफी वगैरे तिला येत नाही, तुला ठाऊक आहे. ती बाई देवाशीसुद्धा भांडून बोलते. तिनं सूनबाईची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि म्हणाली, “ही मी धरते. तू पोरीला धर.” दवाखान्यातून बाहेर पडून बसथांब्यापर्यंत तिनं ती पिशवी सोडली नाही. बस आमच्या बाजूची आली तेव्हा पिशवी घेऊन आधी तीच चढली. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बघ बाई, तुझे कपडे तर निघाले.” ती चढली.

आता तुझं. मी डॉक्टरीणबाईंना मागं थांबून विचारलं, माझ्याबाबतीतही हेच खरं ना? त्या म्हणाल्या, शंभर टक्के. तुमचे आईवडील उंच होते असं तुम्ही सांगता, म्हणजे बहुधा हा बदल तुमच्यातच पहिल्यांदा झाला. कुणी केलेला नाही, झाला. मी म्हटलं, बाई, एका नऊ वर्षांच्या मुलीवर याचा आळ होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “ती मुलगी कुठं आहे आता?”

म्हणून लिहितोय. देवावर माझा रुसवा नाही. मी रोज सकाळी त्याचं नाव घेऊन मशीनला तेल घालतो, तसं आजही घातलं. त्यानं माझा कपडा कमी कापडात बेतला, पण बाह्या दोन, खिसे दोन, काही विसरला नाही. आईवरही राग नाही. चारचौघी विचारायच्या, पोर असं का? तिला काहीतरी उत्तर द्यावं लागायचं, आणि तिच्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं. ते आज मिळालं. ती ऐकायला नाही, तू आहेस.

तू प्यायली नाहीस. मी म्हणत होतो ना?

बटण मात्र अजून खात नाही. रिपोर्टनं पोट भरत नाही. दोन चमचे आणि तोंड फिरवणं चालूच आहे. तेव्हा माझा पहिला प्रश्न तसाच उभा आहे.

धाकटा


५ मे

अक्का,

काल तुझा फोन आला. दुकानात मी एकटा होतो, तोंडात टाचण्या. तू म्हणालीस, “सूनबाईला दे.”

बस्स. इतक्या वर्षांनी एवढंच. मी टाचण्या काढेपर्यंत तू पुन्हा म्हणालीस, “ऐकलंस का? तुझ्याशी नाही बोलायचं. सूनबाईला दे.” मी मशीनवरचं कापड तसंच सोडून, फोन दोन्ही हातांत धरून, गल्ली ओलांडून घरी पळालो. समोरच्या न्हाव्यानं ओरडून विचारलं, “मास्तर, आग लागली का?” मी म्हटलं, “नाही रे, विझली.”

तुमचं बोलणं मी ऐकलं नाही. तुझ्या भावजयीनं ऐकायचा प्रयत्न केला. सूनबाईनं तिलाही जवळ बसवून घेतलं आणि नंतर मला सगळं सांगितलं. तू सांगायला बंदी घातली नव्हतीस असं ती म्हणाली.

तू म्हणालीस, पोरीला समोर बसवू नकोस. मांडीवर घे, तिचं तोंड रस्त्याकडे. चमचा दाखवू नकोस. ती कुत्रं बघते, सायकल बघते, तेव्हा तोंड आपोआप उघडं असतं. डावा हात तिच्या हनुवटीखाली ठेव, पण धरू नकोस, नुसता ठेव. ‘खा’ हा शब्द घरात काढायचा नाही. आणि तोंड फिरवलं की संपलं, एक चमचाही जास्त नाही. मग उरलेलं तू खा. तिच्यासमोर खा. चवीनं, मिटक्या मारत खा. ती बघेल. आपल्या वाटीतलं दुसऱ्यानं खाल्लं की तिला पुन्हा आपली वाटी आठवेल.

सूनबाईनं विचारलं, “आत्या, तुम्ही बाबांना असंच भरवायचात?”

तू म्हणालीस, “असंच.”

आणि मग तू ते म्हणालीस. “त्या बाईनं खिडकीतून खरंच पाहिलं होतं. मी प्यायचे. पहिले दोन घोट त्याला दाखवायला. पुढचे माझ्या भुकेचे. धाकट्याला सांग, त्यानं उगाच माझी बाजू घेऊ नये.”

अक्का, मी दोन पत्रांत ठासून लिहिलं की तू प्यायली नाहीस. मी चुकलो. तू प्यायलीस. आता नीट ऐक, मी तुझी बाजू घेत नाही, जे आहे ते सांगतो.

मी तोंड फिरवत होतो. भूक लागायला जो हात लागतो तो माझ्यात अर्धाच होता. वाटीत जे उरायचं ते माझं नव्हतंच. तू थेंबही प्यायली नसतीस, तर ते दूध नासलं असतं आणि मी एवढाच राहिलो असतो, वीतभर. हे मी भाऊ म्हणून बोलत नाही. माझ्या रक्तात लिहिलेलं आहे, आणि ते वाचणारी बाई चष्मा लावून शिकलेली आहे. पण तू ते दोन घोट दाखवायला प्यायली नसतीस, तर तिसरा चमचा माझ्या पोटात गेला नसता. तो तिसरा चमचा घेत घेत मी पन्नाशीला आलोय.

आणि पुढचे घोट? नऊ वर्षांची पोर, दिवसभर आईचं पोर मांडीवर, घरात दुसरं काही नाही. ते तुझ्या भुकेचे होते म्हणतेस. बरं झालं. आपल्या दोघांत एकाला तरी भूक होती. ते दूध वाया गेलं नाही. तू माझ्याहून चांगली हातभर उंच झालीस, याचा मला आज पहिल्यांदा अभिमान वाटतोय.

आता फोनचा शेवट. तो तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मी दारात उभा राहून तेवढाच ऐकला. तुझ्या भावजयीनं सूनबाईच्या हातातून फोन घेतला. घेतला आणि नुसती उभी. तिला शब्द सुचेना हे मी लग्नापासून पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाली, “अक्का, दूध कोमट द्यायचं की गार?”

तू काय म्हणालीस ते तिनं मला सांगितलं नाही. पण तेव्हापासून ती पातेलं विस्तवावर ठेवते, बोट बुडवते, उतरवते, पुन्हा ठेवते.

धाकटा


१६ मे

अक्का,

लहानसंच पत्र. गिऱ्हाइकं बसली आहेत.

तुझी रीत लागू पडली. सगळी नाही, थोडी. आता बटण दारात सूनबाईच्या मांडीवर बसते, तोंड रस्त्याकडे. सकाळी न्हाव्याच्या दुकानात कुणाची दाढी चालू असते, ती बघत दोन-तीन चमचे जातात. मग तोंड फिरतं. मग सूनबाई खायला लागते आणि तुझी भावजय आतून ओरडते, “अगं, मिटक्या मार! नुसती काय गिळतेस? तिला दिसलं पाहिजे!” काल सूनबाईला हसू आवरेना, ठसका लागला, आणि त्या गडबडीत बटणानं स्वतः वाटीत हात घातला. एक चमचा जास्त गेला. घरभर जत्रा.

तिची उंची वाढणार नाही फारशी. ती माझ्याएवढी होईल, किंवा माझ्याहून बोटभर जास्त. आम्ही ते कबूल केलंय. तरी मी काल तिला नवा फ्रॉक बेतला. पिवळा. तुझी भावजय म्हणाली, “आता कशाला एवढं कापड आत सोडता? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना?” मी म्हटलं, चार बोटं नाही, दोन सोडतो. सावकाश का होईना, पोर आहे, अंग वाढतं आहे. मुलांचं कापड अंगाबरोबर कापायचं नसतं.

तो फ्रॉक अर्धा झालाय. बाह्या राहिल्यात. तू आलीस की लावीन.

ये. मामा आता नाही, आणि असता तरी दारातून परत गेला असता, कारण दारात तुझी भावजय बसलेली असेल. सूनबाईला फोनवरची आत्या बघायची आहे. बटणाला कुणीतरी नवीन माणूस मिटक्या मारताना पाहायचंय, आमच्या तोंडांचा तिला कंटाळा आलाय.

सकाळच्या बसनं आलीस तर तिच्या खाण्याच्या वेळेला पोचशील. आम्ही वाटी काठोकाठ भरून ठेवू, मुद्दाम. ती दोन चमचे घेईल आणि तोंड फिरवील. उरलेलं तुझं. सगळ्यांच्या देखत पी.

तुझ्या मांडीवर वाढलेला,
धाकटा